चादरीची चार टोकं

४ फेब्रुवारी

ताई,

आधीच सांगून ठेवतो, हे पत्र मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून लिहितो आहे. त्यामुळे हुरळून जाऊ नकोस. भावाला पाझर फुटला म्हणून शेजारीपाजारी सांगत सुटू नकोस. औषध म्हणून लिहितोय. जेवणानंतर, वर पेलाभर पाणी पिऊन.

खरं तर पाठवायचंही नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, ज्यांच्यावर राग आहे त्यांना एक सविस्तर पत्र लिहा आणि फाडून टाका." मी म्हटलं, "बाई, मी जन्मभर लाँड्री चालवली. कपडा धुवायचा, पिळायचा आणि तारेवर न टाकता बोळा करून फेकून द्यायचा, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही." तर पाठवतो आहे.

झालं असं. त्या दिवशी सकाळी मी आणि वादळ हॉटेलच्या चादरींच्या घड्या घालत होतो. (वादळ म्हणजे तू गेल्यावर ठेवलेली मदतनीस. नाव वेगळं आहे, पण ती दारातून आत आली की टांगलेले कोट आपोआप हलायला लागतात.) पहिली दुमड झाली. मी माझी टोकं घेऊन तिच्यापर्यंत चालत गेलो. आता टोकं तिच्या हातात द्यायची आणि खाली वाकून लोंबती दुमड उचलायची, एवढंच. डावा हात सुटला. उजवी मूठ उघडेना.

"काका, सोडा."

"सोडतोय की."

"अहो सोडा ना! अजून ढीग पडलाय!"

"मी सोडतोय गं, हा हात सोडत नाहीये!"

तिला वाटलं मी थट्टा करतोय. तिनं ओढलं. मला वाटलं तीच मस्करी करतेय. मीही ओढलं. हॉटेलची चादर मध्ये, आणि दोन्ही बाजूंनी रस्सीखेच! हसता हसता माझ्या छातीत धडधड सुरू झाली, कपाळावर घाम फुटला, जबडा असा मिटला की 'पाणी' म्हणायलाही तोंड उघडेना. वादळ किंचाळली. रुग्णवाहिका आली. स्ट्रेचरवाले म्हणाले, चादर राहू द्या. मी मान हलवली, मूठ हलेना. शेवटी वादळनं कात्री घेतली आणि चादरीचा कोपरा कापला. ताई, तुझा भाऊ हॉटेलच्या चादरीचा तुकडा मुठीत धरून इस्पितळात दाखल झाला!

हृदय तपासलं. ठणठणीत निघालं. खरं सांगू, थोडा अपमानच वाटला. एवढं घंटा वाजवत जावं आणि आत काहीच निघू नये!

मग या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी कोमट पाण्याचं घमेलं मागवलं, माझी मूठ त्यात ठेवली आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारत बसल्या. बोटं एकेक करून सुटली. तुकडा वर तरंगला.

"राग कुणावर आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणावर नाही. मी शांत माणूस आहे."

हे म्हणताना माझा जबडा असा कट्कन वाजला की कोपऱ्यातली नर्स वळून बघायला लागली.

"त्या दिवशी सकाळी काही घडलं होतं?"

काही नाही. टपाल आलं होतं, एवढंच.

तुझा भाऊ


११ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलेलं नाही. वाट बघत नाहीये, नुसतं कळवतोय. पण आज राहवलं नाही! आज मी राग पाहिला! माझा स्वतःचा, येताना, उघड्या डोळ्यांनी!

डॉक्टरीणबाईंनी गृहपाठ दिलाय. म्हणाल्या, "राग आला की त्याला अडवू नका, हाकलू नका. अंगात पहिल्यांदा कुठे उतरतो आणि पुढे कुठे कुठे जातो, तेवढं बघत राहा." मला वाटलं, तपासणीत काही निघालं नाही की असंच काहीतरी सांगत असतील. पण आज हॉटेलचा व्यवस्थापक आला, कापलेला कोपरा बोटावर नाचवत म्हणाला, "काय आजोबा, लाँड्रीत उंदीर पाळलेत की काय?" एरवी मी त्याला असं सुनावलं असतं की तो पुढच्या खेपेला मागच्या दारानं आला असता. आज मी गप्प उभा राहिलो आणि बघत बसलो.

आधी कानाच्या पाळ्या तापल्या. मग दाढेवर दाढ बसली. मग मानेच्या मागून ओघळल्यासारखा तो उजव्या खांद्यात आला. दंडावर गांधी उठल्या, लाल, टचटचीत, वादळनं स्वतः पाहिल्या! मग कोपर, मग मनगट, आणि मूठ. मूठ म्हणजे शेवटचा थांबा. तिथं तो उतरतो आणि बिऱ्हाड करून राहतो. ताई, इतकी वर्षं हा पाहुणा माझ्या घरी येतोय आणि त्याची वाट मला आज कळली! मला एवढा आनंद झाला की मी व्यवस्थापकाला म्हटलं, "ते उंदराचं पुन्हा एकदा म्हणा ना!" तो बिचारा घाबरून निघून गेला.

आणि दुसरं. त्या म्हणतात, श्वास घेण्याकडे लक्ष देऊ नका, सोडण्याकडे द्या, सोडणं लांबवा. आकडे मोजत करून पाहिलं. मोजताना चुकायचो, आणि चुकलो की पुन्हा राग. आज दुपारी बॉयलरपाशी बसलो होतो. वाफेत उन्हाची तिरीप आली होती, आणि एकदम आपला वर्ग दिसला. उंच खिडक्या, उन्हात तरंगणारी खडूची पूड, पहिल्या बाकावर पाय न टेकणारा मी, आणि पलीकडच्या ओळीत खिडकीशी तू. दोन इयत्ता एकाच खोलीत होत्या म्हणून बरं, नाहीतर मी शाळेत टिकलोच नसतो. गुरुजी डोळे मिटून उभे. "ओळ मध्ये मोडायची नाही. ओळ संपेपर्यंत श्वास पुरला पाहिजे." आठवतं? पुस्तकातल्या कविता संपल्या की ते हळूच स्वतःची म्हणून घ्यायचे. मी बॉयलरसमोर उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हटलं:

सावकाश तू सोड किनारा, नाव जराशी डोलू दे;

एका श्वासात! शेवटच्या 'दे'पर्यंत! आणि ताई, जबडा सैल पडला. वितळल्यासारखा. बोटांत मुंग्या आल्या. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं. वादळ धावत आली, "काका, परत होतंय का? गाडी बोलवू?" म्हटलं, "गाडी नको, तू पण म्हण!"

आपण दोघं याच कवितेवर घड्या घालायचो, हे तिला सांगितलं. 'सोड किनारा'ला दोघांनी मागं सरून चादर ताणायची, 'डोलू दे'ला एक झटका द्यायचा की सुरकुत्या पळाल्या. दुसऱ्या ओळीला मी चालत तुझ्याकडे यायचं. ती म्हणाली, "मग दुसरी ओळ म्हणा की."

दुसरी ओळ मी म्हणत नाही. ती तोंडातून निघत नाही, आणि तोंडातून निघत नाही ती इथं लिहीतही नाही.

तुझा भाऊ


१८ फेब्रुवारी

ती. ताईस,

कार्ड मिळालं. भावानं दोन दोन पत्रं पाठवावीत, आणि तू काय पाठवावंस! वर 'चि. चिमट्यास', खाली "श्वास सोडताना खांदे वर चढवू नकोस, तुझी जुनी खोड आहे", आणि मध्ये ही एवढी ओळ:

हात सुटो पण हातांमधला वारा काही बोलू दे!

चिमटा! किती दिवसांनी ऐकलं! शाळेच्या पहिल्या दिवशी मी तुझ्या फ्रॉकची कड धरली ती सुटी होईपर्यंत सोडली नाही, तेव्हापासूनचा मी चिमटा. वादळनं कार्ड वाचलं आणि आता येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगतेय, "आमचे चिमटाकाका आत आहेत." या वयात बारसं केलंस माझं.

तुझ्या मोठेपणाला भुलून एक गोष्ट सांगतो. त्या दिवशी टपालात तुमचं कार्ड होतं. समुद्राचं चित्र, मागं अक्षर त्या घड्याळवाल्याचं. बारीक, एकसारखं, दातेरी चाकासारखं. 'आम्ही दोघं मजेत आहोत. तुम्ही यावं, ही इच्छा.'

आम्ही दोघं!

ताई, तू ऐन तरुणपणी एकटी होऊन या घरी परत आलीस, तेव्हापासून 'आम्ही दोघं' म्हणजे तू आणि मी. 'आम्ही दोघं आज उशिरा उघडणार.' 'आम्हां दोघांना एक कप पुरतो.' मी लग्न केलं नाही, लोक विचारायचे तर मी सांगायचो, घड्यांतून सवड झाली नाही. खरं म्हणजे घर भरलेलं होतं. आणि आता तोच शब्द परक्या अक्षरात, समुद्राच्या पाठीवर! मी तो वाचला, कार्ड उशीच्या अभ्र्यांखाली सरकवलं, आणि चादरी घ्यायला गेलो. पुढचं तुला माहीत आहे.

तू म्हणशील, ते गरीब माणूस आहेत. असतील. मी गरिबी बघितली आहे त्यांची! आपल्या भिंतीवरचं घड्याळ वर्षानुवर्षं नीट चाललं होतं. हा गृहस्थ एकदा दुरुस्तीला आला आणि ते दर आठवड्याला बंद पडायला लागलं. शिडीवर चढून आत फुंकर मारायचा, "वाफेचा परिणाम आहे, बरं का" म्हणायचा, आणि खाली उतरून तुझ्या हातचा चहा प्यायचा. वाफ त्याआधी नव्हती की काय!

आणि लग्नातल्या शर्टाचं म्हणशील, तर ते मी कधीच नाकारलेलं नाही. तो स्वतः शर्ट घेऊन आला, म्हणाला, "तुमच्याच हातचा घालावा म्हणतो." मी त्याला स्टार्च घातला. मग परत घातला. मग इस्त्री केली आणि अजून घातला. तो शर्ट टेबलावर आपला आपण उभा राहिला होता, ताई! मी समारंभाला आलो नाही, पण ऐकलं सगळं. नवरदेवाचा हात कोपरात वाकेना, अंगठी तुलाच त्याच्या बोटापर्यंत न्यावी लागली, आणि केक खाताना तुझा नवरा नांगर धरल्यासारखा उभा होता. त्या रात्री मला छान झोप लागली. दुसऱ्या दिवसापासून मात्र पोटात जी आग पडली ती पडलीच.

तू त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. ओरडायचं तरी होतंस.

तुझा चिमटा


२३ फेब्रुवारी

ती. ताईस,

घाईघाईत लिहितोय, पण आनंदानं! टेकडीवरच्या अतिथिगृहाचं मेजकापड आलंय!

तेच गं, लांबच लांब, जुन्या सुताचं, पांढरंशुभ्र, मोठ्या पंगतीलाच बाहेर निघणारं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलं की खोली भरते. इस्त्रीच्या रोलरमधून काढलं तर त्याचं सूत मोडेल. त्याची घडी आजवर आपल्या दोघांशिवाय कुणी घातलेली नाही. वादळ चपळ आहे, पण ती रेडिओवरच्या गाण्यावर घड्या घालते, आणि तिच्या वेगात हे कापड जमिनीला लागल्याशिवाय राहणार नाही.

तू ये. एक दिवस ये.

दुसरंही एक सांगतो, घाबरू नकोस. मूठ अजून अडते. गांधी कमी झाल्या, जबडा पुष्कळ सुटला, पोटही शांत आहे, पण टोकं दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळ आली की मूठ मिटलीच. नेमकी तेव्हाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच राहिलं तर घड्यांचं काम थांबवा, बोटांचे सांधे धरतील. म्हणजे मी दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसणारा म्हातारा होणार. आणि ती खुर्ची मला शोभत नाही, मी बसून पाहिलंय.

त्यांनी असंही विचारलं, "नेमकं देतानाच का अडतं, काही अंदाज?" मी म्हटलं, थंडीमुळे असेल. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर चांगलं ऊन होतं.

ये. पहिल्या बसनं. मी आत्ताच सगळी खोली झाडून घेतली आहे!

चिमटा


२८ फेब्रुवारी

ताई,

"आम्ही दोघं येऊ का?" असं विचारलंस.

नाही. एकटी ये.

हे लिहिताना गांधी उठल्या आहेत, कोपरापर्यंत. बघतोय त्यांच्याकडे.


३ मार्च

ती. ताईस,

मागचं पत्र टाकलं आणि पेटीत हात घालून परत काढता येतं का, ते पाहिलं. येत नाही. टपालवाली बाई म्हणाली, "आजोबा, मूठ बाहेर काढा." तिला म्हटलं, "सगळ्यांना एवढंच काय ते सुचतं!"

तू आता येणार नाहीस, असं वाटून काल दिवसभर काम सुचलं नाही. मेजकापड तसंच टांगलेलं आहे. वादळ त्याच्याखालून वाकून जाते आणि माझ्याशी बोलत नाही. "तुम्ही ना काका, स्वतःच्या पायावर धोंडा मारता आणि मग पाय दुखतो म्हणून धोंड्याला शिव्या देता," एवढं बोलली आणि सगळ्या बादल्या आपटल्या.

म्हणून डॉक्टरीणबाईंनी विचारलेलं, मी त्यांना न सांगितलेलं, तुला सांगतो.

तू इथं होतीस तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी आपण इस्पितळाच्या चादरी घेत होतो. 'हात सुटो' म्हणत मी चालत तुझ्याकडे आलो होतो. तुझी बोटं माझ्या बोटांना लागली होती. आणि तू म्हणालीस, "मी लग्न करतेय रे." मी टोकं दिलीच नाहीत, ताई. तू तुझी सोडलीस, मी माझी धरून उभा राहिलो, आणि चादर मध्ये जमिनीवर पडली. तू वाकून उचलायला लागलीस तर मी ती खस्सकन ओढून घेतली. तिथंच आपलं बोलणं संपलं.

मी अजून तिथंच उभा आहे, असं या हाताला वाटतं.

आलीस तर ये. नाही आलीस तरी हे पत्र औषधातच धर.

चिमटा


१० मार्च

ती. भाऊजींस,

हा शब्द वाचून तुम्ही चष्मा पुसाल. पुसा. मलाही लिहिताना दोनदा टाक थांबवावा लागला. परवा तुम्ही समोर बसला होतात तेव्हा तो जिभेवर आला होता, पण माझा जबडा अजून पुरता सुटलेला नाही. म्हणून लिहून पाठवतो.

तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात तेव्हा आत काय चाललं होतं, ते ताईनं तुम्हाला नीट सांगितलं नसेल. ती कुठलीही गोष्ट कार्डावर मावेल एवढीच सांगते. म्हणून मी सांगतो.

ती आली, पिशवी ठेवली, माझ्याकडे न बघता खुंटीवरचा तिचा एप्रन काढला. "अजून इथंच आहे?" म्हणाली. मी म्हटलं, "जागा अडत नव्हती." खोटं होतं, मी तो दर आठवड्याला धुतो. वादळ दोन मिनिटांत तिच्या गळ्यात पडली. दोघींनी मिळून माझ्या इतक्या तक्रारी केल्या की मी बॉयलरकडे बघत उभा राहिलो.

मग आम्ही मेजकापड घेतलं. ती त्या भिंतीशी, मी या. तिनं माझ्याकडे बघितलं आणि ओळ धरली. भाऊजी, तुम्ही तिला कविता म्हणताना ऐकलं आहे का? नसेल तर तिला कापडाचं एक टोक धरायला द्या, त्याशिवाय तिला सूर लागत नाही. 'सावकाश तू सोड किनारा', आम्ही ताणलं. 'डोलू दे', आम्ही झटकलं. ते भलं मोठं कापड हवेनं भरून वर आलं आणि हळूच खाली बसलं. एकही सुरकुती नाही! वादळ "अगंबाई!" म्हणाली. मला शाळा सुटल्यासारखं वाटायला लागलं.

मग दुसरी ओळ. मी चालत गेलो. तिच्या बोटांना माझी बोटं लागली, आणि मूठ मिटली.

ताईनं ओढलं नाही. 'सोड' म्हणाली नाही. नुसती उभी राहिली. माझे खांदे वर चढले होते, त्यांच्याकडे फक्त एकदा बघितलं. मी ते खाली घेतले.

"सवडीनं होऊ दे रे चिमट्या," ती म्हणाली. "फक्त फार उशीर नको. बाहेर गारठा आहे."

"बाहेर गारठ्याचं आपल्याला काय?"

"ते बसलेत ना."

"कोण?"

"कोण म्हणजे! समोरच्या बाकावर, सकाळपासून. तू एकटी ये म्हणालास. मी एकटी आले. ते बसमध्ये माझ्या शेजारी होते, एवढंच."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी आता सराईत आहे, मी म्हटलं, या! जबडा. खांदा. कोपर. डाव्या बाहीनं मी खिडकीवरची वाफ पुसली आणि बाहेर बघितलं, राग येतोय तर निदान ज्याच्यावर येतोय तो माणूस तरी दिसू दे. तुम्ही पिशवी मांडीवर घेऊन बसला होतात. मनगटावरचं घड्याळ कानाला लावून ऐकत होतात. ते चालू आहे ना याची खात्री करून पुन्हा हात मांडीवर ठेवलात, आणि दाराकडे बघितलंत. दारात येऊन बसला नव्हतात. रस्त्याच्या पलीकडे होतात. मी नाही म्हटलं होतं, आणि तुम्ही ते पाळलं होतं.

आणि वाऱ्यानं तुमची टोपी उडवली!

भाऊजी, तुम्ही त्या टोपीमागं धावलात ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. एक गुडघा तुमचा, दुसरा कुणाचा तरी उसना! टोपी गटाराच्या कडेला थांबायची, तुम्ही वाकायचात, ती पुढं पळायची. समोरून पावाची गाडी येत होती. तुमचं तिकडे लक्ष नव्हतं. मी खिडकीचं तावदान ढकललं आणि जेवढा घसा होता तेवढा ओरडलो, "अहो! गाडी! इकडे या! टोपी जाऊ दे, तुम्ही इकडे या! आत या!" आणि हात वर करून तुम्हाला बोलावत राहिलो, असा, असा, असा.

मागून वादळ किंचाळली, "काका! हात!"

बघतो तर उजवा हात. पाचही बोटं उघडी, खिडकीबाहेर, वाऱ्यात! मी दचकून कापडाकडे वळलो. म्हटलं, गेलं, जमिनीला लागलं. तर माझी दोन्ही टोकं ताईच्या हातात. कधी घेतली, कळलंही नाही. तिचे डोळे भरले होते आणि ती मलाच रागावली, "बघतोस काय? खालची दुमड उचल, वाकवत नाही मला!"

पुढचं तुम्ही पाहिलंतच. तुम्ही बिनटोपीचे आत आलात, बॉयलरपाशी बसलात, आणि तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "हे घड्याळ मागं पडतंय, बरं का." आम्ही तिघं हसलो, तुम्हीच तेवढे गंभीर होतात. शिडीवर मीच चढलो असतो, पण तुम्ही आधीच चढला होतात. खाली मी शिडी धरून उभा होतो. दोन्ही हातांनी. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण तुम्ही वर होतात, तुम्हाला दिसलं नसेल.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी माझी बोटं एकेक करून उघडमीट करून पाहिली. म्हणाल्या, काम चालू ठेवा. करंगळी अजून हट्टी आहे. आणि असंही म्हणाल्या, की राग परत येईल, मूठही कधीतरी मिटेल, तेव्हा नापास झालो असं समजायचं नाही. परवा संध्याकाळीच तसं झालं होतं. तुमची बस दिसेनाशी झाली आणि मी आत आलो, तर खुंटीवर एप्रन नव्हता, ताई घेऊन गेली. मूठ मिटली. मी खुंटीसमोर उभा राहिलो आणि दुसरी ओळ म्हटली, एका श्वासात, 'बोलू दे'पर्यंत. वादळनं साथ दिली, तिला आता पाठ झाली आहे. अंगठा सुटला, मग बाकीची. मग आम्ही इस्पितळाच्या चादरी घेतल्या. तिनं रेडिओ लावला नाही.

निघताना तुम्ही पिशवीतून तो शर्ट काढलात, इकडे तिकडे बघितलंत आणि म्हणालात, "हा जरा धुवून मिळेल का? घाई नाही." एवढ्या दिवसांनीही तो पिशवीत मावत नव्हता, एक बाही बाहेर आली होती. मी हातात घेतला तर लाकडासारखा वाजला. दुसऱ्या कुठल्या लाँड्रीत दिला असतात तर एका धुण्यात मऊ झाला असता. तुम्ही दिला नाहीत.

सोबतच्या पुडक्यात तोच आहे. कोमट पाण्यात रात्रभर भिजवला, मग हातानं धुतला, पाणी निवळ येईपर्यंत खंगाळला. यंत्रात घातला नाही. स्टार्चचा थेंबही नाही. इस्त्री हलकी, कॉलरला तेवढी जरा दाबली आहे. कफाचं एक बटण सैल होतं, ते उजव्या हातानं शिवलं आहे, टाके वाकडे दिसतील.

घालून बघा आणि हात वाकतो का, ते कळवा.

तुमचा मेहुणा,
चिमटा